ठिपक्यांमधली रेषा : रिग्रेशनविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न रिग्रेशन रेषेबद्दलचे आहेत, म्हणजे विखुरलेल्या ठिपक्यांमधून काढलेल्या आणि एका राशीवरून दुसरीचा अंदाज देणाऱ्या सरळ रेषेबद्दलचे. मराठी पाठ्यपुस्तकांत तिला समाश्रयण रेषा म्हणतात. प्रत्येक उत्तराला नवी आकडेवारी घेण्यापेक्षा एकच छोटं उदाहरण सगळीकडे वापरलं आहे. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून मुद्दाम जुळवलेले आहेत. वही-पेन घेऊन बसलात तर प्रत्येक आकडा स्वतः पडताळून पाहता येईल.

पाच विद्यार्थी. क्ष म्हणजे आठवड्यातले सरावाचे तास, य म्हणजे चाचणीत १०० पैकी मिळालेले गुण. जोड्या अशा : (२, ४७), (३, ५०), (५, ६६), (७, ६६), (८, ७१). क्षची सरासरी ५, यची सरासरी ६०.

प्रश्न : रिग्रेशन रेषा काढली की ती बऱ्याचदा एकाही ठिपक्यातून जात नाही. मी पट्टी ठेवून जी रेषा काढते ती निदान दोन-तीन ठिपक्यांतून तरी जाते. मग माझी रेषा चुकीची आणि सूत्राची बरोबर, हे कशावरून?
— पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थिनी

उत्तर : आधी सूत्राची रेषा काढू, मग तुमची तिच्याशेजारी ठेवू.

प्रत्येक क्षमधून ५ वजा करा : −३, −२, ०, २, ३. प्रत्येक यमधून ६० वजा करा : −१३, −१०, ६, ६, ११. आता समोरासमोरचे आकडे गुणा : ३९, २०, ०, १२, ३३. बेरीज १०४. क्षच्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या : ९ + ४ + ० + ४ + ९ = २६. चढ (क्ष एकने वाढला की रेषा किती वर जाते) म्हणजे १०४ भागिले २६, म्हणजे ४. आंतरछेद (क्ष शून्य असताना रेषेची उंची) म्हणजे ६० वजा ४ गुणिले ५, म्हणजे ४०. रेषा झाली : य = ४० + ४क्ष.

ही रेषा पाच विद्यार्थ्यांसाठी अनुक्रमे ४८, ५२, ६०, ६८ आणि ७२ गुणांचा अंदाज देते. प्रत्यक्ष गुणांतून हे अंदाज वजा केले की उरतात −१, −२, ६, −२, −१. यांना अवशेष म्हणतात. वर्गात बहुतेक जण रेसिड्युअल म्हणतात. त्यांची बेरीज शून्य, आणि वर्गांची बेरीज १ + ४ + ३६ + ४ + १ = ४६.

आता पट्टीची रेषा. पहिला आणि शेवटचा ठिपका जोडला तर य = ३९ + ४क्ष मिळते. तिचे अवशेष ०, −१, ७, −१, ०. दिसायला ही छानच आहे. चिन्हं सोडून नुसती अंतरं मिळवली तर बेरीज ९ येते, आणि सूत्राच्या रेषेची १२. या मोजमापाने तुमची रेषा जिंकते! पण वर्गांची बेरीज घेतली तर तुमची ५१ आणि सूत्राची ४६.

म्हणजे ‘चुकीची’ हा शब्द इथे जरा घाईचा आहे. दोन्ही रेषा वेगवेगळ्या कसोट्यांवर चांगल्या आहेत. नुसत्या अंतरांची कसोटी चार ठिपक्यांची सोय बघते आणि मधल्या ठिपक्याला वाऱ्यावर सोडते. वर्गांच्या कसोटीत ७ची चूक ४९ म्हणून मोजली जाते, म्हणून रेषा थोडी वर सरकते आणि सगळ्यांना थोडं थोडं सोसायला लावते. रेषेने कुठल्या तरी ठिपक्यातून गेलंच पाहिजे, अशी अट दोन्हींपैकी कुठल्याच कसोटीत नाही. वर्गांच्या कसोटीतली रेषा एका बिंदूतून मात्र नेहमी जाते : (क्षची सरासरी, यची सरासरी), इथे (५, ६०).

वर्गच का? एक कारण सोयीचं आहे : वर्गांची बेरीज लघुतम करणारी रेषा थेट सूत्राने निघते आणि, सगळे क्ष सारखेच नसतील तर, एकमेव असते. नुसत्या अंतरांच्या कसोटीला कधीकधी एकाहून अधिक रेषा सारख्याच चांगल्या ठरतात. दुसरं कारण खोलवरचं. एखाद्या गटाला एकच आकडा प्रतिनिधी म्हणून द्यायचा असेल, तर वर्गांची बेरीज लघुतम करणारा आकडा म्हणजे सरासरी, आणि अंतरांची बेरीज लघुतम करणारा आकडा म्हणजे मध्यक. त्यामुळे वर्गांची रेषा ही हलत्या सरासरीसारखी आहे : क्ष एवढा असताना यची सरासरी साधारण किती, याचं ती उत्तर देते. लघुतम वर्ग पद्धत पहिल्यांदा छापून आली ती १८०५ मध्ये लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाच्या लेखनात, धूमकेतूंच्या कक्षा काढण्याच्या संदर्भात. १८०९ मध्ये गाउसने ती संभाव्यतेशी जोडली, आणि आपण ती १७९५ पासून वापरत आहोत असा दावाही केला. त्यावरून दोघांत बरीच कुरबूर झाली.

एक सावधगिरी : ‘अवशेषांची बेरीज शून्य’ ही चांगल्या रेषेची खूण समजू नका. (५, ६०) मधून जाणारी कुठलीही तिरकी-आडवी रेषा घ्या, बेरीज शून्यच येते. य = ६० ही आडवी रेषा घेतली तरी बेरीज शून्य, पण वर्गांची बेरीज ४६२.

प्रश्न : आंतरछेद ४० म्हणजे अजिबात सराव न करणाऱ्याला ४० गुण मिळतील, असंच ना? परीक्षेत असं लिहिलं तर गुण कापले.
— एक विद्यार्थी

उत्तर : कापले ते योग्यच, पण कारण उत्तरपत्रिकेवर लिहायला हवं होतं. आपल्याकडचे क्ष २ ते ८ या टापूत आहेत. शून्य तास सराव केलेला एकही विद्यार्थी आपण पाहिलेला नाही. ४० हा आकडा रेषेला योग्य उंचीवर बसवण्यासाठी लागतो. त्याला दर वेळी अर्थ असतोच असं नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा : १५ तासांना रेषा १०० गुण सांगते आणि १६ तासांना १०४. ठिपके जिथे संपतात तिथे रेषेचा अधिकारही संपतो, कागदावर ती पुढे कितीही ओढता येत असली तरी.

आंतरछेद अर्थपूर्ण हवा असेल तर तीच रेषा य = ६० + ४(क्ष − ५) अशी लिहा. आता ६० म्हणजे ५ तास सराव करणाऱ्यांचे अंदाजे सरासरी गुण. रेषा तीच आहे, फक्त मोजायची सुरुवात ठिपक्यांच्या मधोमध आणली.

चढाबद्दलही तितकंच जपून लिहावं. ‘एक तास सराव वाढवला की ४ गुण वाढतात’ हे वाक्य आकडेवारी सांगते त्याहून जास्त सांगतं. आकडेवारी एवढंच म्हणते : ज्यांच्या सरावात एका तासाचा फरक आहे, त्यांच्या सरासरी गुणांत साधारण ४ गुणांचा फरक दिसतो. जास्त सराव करणारे आधीपासूनच विषयात रस असलेले असतील, तर त्या ४ मधला काही हिस्सा रसाचा आहे. दुसऱ्याच्या बळजबरीने वाढवलेल्या तासाला ४ गुण मिळतील की नाही, हे या पाच ठिपक्यांवरून ठरत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो. कुणाला किती सराव द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं.

आणि एकक लिहायला विसरू नका. तासांऐवजी मिनिटं घेतली तर चढ ४ भागिले ६०, म्हणजे सुमारे ०.०६७ होतो. आकडा बारीक झाला म्हणून संबंध क्षीण झाला नाही.

प्रश्न : सॉफ्टवेअरने आर-स्क्वेअर ०.९० दाखवला. याचा अर्थ माझं मॉडेल ९० टक्के अचूक आहे, असं अहवालात लिहू का?
— नुकतीच नोकरीला लागलेली वाचक

उत्तर : नको. आपल्या उदाहरणातही आर-स्क्वेअर ०.९०च आहे, तेव्हा तो कुठून येतो ते पाहा. सरावाचे तास माहीत नसते तर प्रत्येकासाठी ६० हाच अंदाज करावा लागला असता, आणि चुकांच्या वर्गांची बेरीज ४६२ झाली असती. रेषा वापरल्यावर ती ४६ राहिली. ४६२ मधले ४१६ गेले. ४१६ भागिले ४६२ म्हणजे ०.९००. ‘गुणांमधल्या चढ-उतारापैकी ९० टक्के भाग सरावाच्या तासांशी असलेल्या सरळ संबंधातून हिशोबात येतो’, एवढंच म्हणता येतं. ९० टक्के अंदाज बरोबर येतील किंवा प्रत्येक अंदाज १० टक्क्यांच्या आत असेल, असं काहीही त्यात नाही.

अहवाल वाचणाऱ्याला खरं तर दुसरा आकडा हवा असतो : अंदाज साधारण किती गुणांनी चुकतो? ४६ला ३ने भागा, वर्गमूळ घ्या : सुमारे ३.९ गुण. ३ने का, तर पाच ठिपक्यांतली दोन ‘मोकळीकं’ चढ आणि आंतरछेद काढण्यात खर्ची पडली. हा आकडा यच्याच एककात असतो, म्हणून कुणालाही कळतो. बहुतेक सॉफ्टवेअर तो ‘स्टँडर्ड एरर’ किंवा ‘रेसिड्युअल स्टँडर्ड एरर’ या नावाने आर-स्क्वेअरच्या आसपासच छापतं, आणि कुणी बघत नाही.

आर-स्क्वेअर मोठा दिसायला फारसं काही लागत नाही, हेही ध्यानात ठेवा. वेगळे क्ष आणि वेगळे य असलेले कुठलेही दोन ठिपके घ्या, तो नेमका १ येतो.

प्रश्न : तासांवरून गुण काढायचं समीकरण आहे, तर गुणांवरून तास काढायला तेच उलटं फिरवलं तर काय बिघडलं? आमच्या पुस्तकात ‘दोन समाश्रयण रेषा’ दिल्या आहेत. दोन कशाला?
— बारावीचा विद्यार्थी

उत्तर : फिरवून पाहू. एखाद्याला ७० गुण मिळाले. य = ४० + ४क्ष उलटी केली तर क्ष = ३० भागिले ४ = ७.५ तास.

आता क्षचा अंदाज यवरून करणारी रेषा मुळापासून काढू. १०४ तेच, पण आता भागायचं यच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेने, म्हणजे ४६२ने. चढ ०.२२५१. म्हणून क्ष = ५ + ०.२२५१ गुणिले (७० − ६०) = सुमारे ७.२५ तास. उत्तर वेगळं आलं.

कारण पहिल्या उत्तरातच दडलेलं आहे. पहिली रेषा उभी अंतरं मोजते, म्हणजे गुणांतली चूक कमी करते. दुसरी आडवी अंतरं मोजते, म्हणजे तासांतली चूक कमी करते. ज्याचा अंदाज करायचा त्या दिशेची चूक कमी करायची, हा साधा नियम. ठिपक्यापासून रेषेवर लंब टाकून मोजतात असं अनेकांना वाटतं. या पद्धतीत तसं होत नाही.

दोन्ही रेषा (५, ६०) मध्ये एकमेकींना छेदतात. दोन्ही चढांचा गुणाकार करा : ४ × ०.२२५१ = ०.९००. ओळखीचा आकडा आहे ना? हाच आर-स्क्वेअर. सगळे ठिपके तंतोतंत एका तिरक्या रेषेवर असले तर तो १ होतो आणि दोन्ही रेषा एकच होतात. संबंध जितका सैल, तितकी कात्री उघडत जाते. संबंध अजिबात नसेल तर एक रेषा आडवी, दुसरी उभी.

परीक्षेत दोन समीकरणं देऊन यचा अंदाज देणारी रेषा कुठली आणि क्षचा देणारी कुठली हे ओळखायला सांगतात तेव्हा हाच गुणाकार उपयोगी पडतो : एक समीकरण यसाठी आणि दुसरं क्षसाठी सोडवा, दोन चढांचा गुणाकार १ पेक्षा जास्त आला तर तुमची निवड उलटी झाली.

प्रश्न : पहिल्या चाचणीत अव्वल आलेल्या मुलांचे गुण दुसऱ्या चाचणीत घसरतात आणि तळाच्या मुलांचे सुधारतात, असं मला दर वर्षी दिसतं. कौतुकाने मुलं ढिली पडतात आणि कानउघाडणीने सुधारतात, असा निष्कर्ष काढावा का?
— एक शिक्षक

उत्तर : निष्कर्ष काढण्याआधी रेषेला विचारा, सर. समजा दोन चाचण्यांतला सहसंबंध (ठिपके सरळ रेषेशी किती घट्ट जुळतात ते −१ ते १ मध्ये सांगणारा आकडा) ०.६ आहे आणि दोन्हींची सरासरी व विखुरण सारखंच आहे. मग रेषेचा चढही ०.६. पहिल्या चाचणीत सरासरीपेक्षा २० गुण जास्त मिळवणाऱ्यांसाठी दुसऱ्या चाचणीचा अंदाज येतो सरासरीपेक्षा १२ जास्त. २० कमी असणाऱ्यांसाठी १२ कमी. कौतुक नाही, कानउघाडणी नाही, तरी वरचे ८ने खाली आणि खालचे ८ने वर.

पहिल्या चाचणीतल्या अव्वल गुणांत तयारी असते आणि थोडं नशीबही : नेमका वाचलेला प्रश्न आला, डोकं ताजं होतं. तयारी पुढच्या वेळी सोबत येते, नशीब तेवढंच येईल असं नाही. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये हे उंचीबाबत दाखवलं. २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्यं त्याने घेतली. स्त्रियांच्या उंचीला १.०८ने गुणून पुरुषांच्या मापात आणलं आणि आई-वडिलांच्या उंचीचा मध्य काढला. हा मध्य सरासरीपासून जितका दूर, त्याच्या साधारण दोन तृतीयांश अंतरावर अपत्यांची सरासरी उंची येत होती.

पण यावरून सगळे हळूहळू सारखेच होत जातात असं समजू नका. दुसऱ्या चाचणीतल्या अव्वल मुलांचे पहिल्या चाचणीतले गुण काढून पाहा. तेही सरासरीच्या जवळ असतील. काळ उलटा फिरवला तरी तीच ‘घसरण’ दिसते. मागच्या प्रश्नातल्या दोन रेषा इथे कामाला येतात.

तुमच्या शिकवण्याचा परिणाम तपासायचा असेल तर तळाच्या मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून करा, एकालाच वेगळी वागणूक द्या आणि दोन्ही गटांतली सुधारणा एकमेकींशी ताडा.

प्रश्न : एक ठिपका बाकीच्यांपासून फटकून आहे. काढून टाकला की आर-स्क्वेअर एकदम सुधारतो. काढू का?
— प्रकल्प लिहिणारी विद्यार्थिनी

उत्तर : तो उंचीने फटकून आहे की आडव्या दिशेने, ते आधी पाहा. दोन्हींचे परिणाम अगदी वेगळे.

आपल्या पाच जणांत सहावा आला : ५ तास सराव, ४२ गुण. रेषा त्याच्यासाठी ६० म्हणत होती, म्हणजे तो १८ने खाली. नवी रेषा काढली तर येते य = ३७ + ४क्ष. चढ जसाच्या तसा! त्याचा क्ष नेमका सरासरीवर असल्याने १०४ मध्येही भर पडत नाही आणि २६ मध्येही नाही. रेषा फक्त ३ गुणांनी खाली सरकली.

आता हाच ४२ गुणांचा विद्यार्थी ११ तास सराव करणारा आहे असं समजा. क्षची सरासरी ६, यची ५७. गुणाकारांची बेरीज १४, क्षच्या वर्गांची बेरीज ५६. चढ ०.२५! चारावरून पावावर. सहसंबंध ०.९५ वरून ०.०७. एका ठिपक्याने पाच जणांचं म्हणणं पुसून टाकलं.

तरफेच्या दांड्यावर टोकाशी ठेवलेलं वजन जास्त जोर लावतं, तसंच हे. क्षच्या सरासरीपासून जितका दूर, तितका ठिपक्याचा रेषेवर जोर. या जोराला लेव्हरेज असंच नाव आहे. त्याचं माप : १/६ अधिक (११ − ६)चा वर्ग भागिले ५६, म्हणजे ०.६१. सहाही ठिपक्यांच्या लेव्हरेजची बेरीज नेहमी २ असते, त्यातले ०.६१ हा एकटा घेऊन बसला आहे. वाईट भाग असा, की असा ठिपका रेषेला स्वतःकडे ओढून घेतो आणि त्यामुळे त्याचा अवशेष वाटतो तितका मोठा दिसत नाही. इथे तो −१६.२५ आहे, तर बिचाऱ्या ८ तासवाल्याचा, जो आधी रेषेच्या १ गुणावर होता, आता १३.५ झाला आहे. नुसती अवशेषांची यादी पाहून गुन्हेगार सापडेलच असं नाही.

काढायचा का? क्रम असा ठेवा. मूळ नोंद तपासा : ११ हे १.१ तर नव्हतं, ४२ हे ९२ तर नव्हतं? नोंदीची चूक सापडली तर दुरुस्त करा. मग विचारा, हा माणूस याच गटातला आहे का. त्याने वेगळी चाचणी दिली असेल तर वगळायला कारण आहे, आणि ते कारण लिहा. यांतलं काहीच नसेल तर ठिपका राहू द्या आणि निकाल दोन्ही तऱ्हेने द्या, त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय. आर-स्क्वेअर सुधारतो हे वगळण्याचं कारण होऊच शकत नाही. तसं करत गेलात तर कुठलीही आकडेवारी शेवटी सरळ रेषेत उभी राहील.

प्रश्न : अवशेषांचा आलेख काढा असं सांगतात, पण त्यात नेमकं बघायचं काय?
— एक वाचक

उत्तर : काहीही दिसू नये, हे बघायचं. आडव्या अक्षावर क्ष किंवा रेषेने दिलेले अंदाज घ्या, उभ्यावर अवशेष, आणि शून्यावर एक आडवी रेघ मारा. ठिपके त्या रेघेच्या वर-खाली विस्कटलेले असले, कुठलीही नक्षी दिसत नसली, तर ठीक.

कमान दिसली, म्हणजे दोन्ही टोकं खाली आणि मध्य वर किंवा उलट, तर संबंध वाकडा आहे आणि सरळ रेषा त्याच्यावर लादली गेली आहे. क्षचा वर्ग मिळवून पाहा, किंवा क्ष वा यचा लॉग (लॉगरिदम) घ्या. नरसाळं दिसलं, म्हणजे एका बाजूला अवशेष चिकटून आणि दुसऱ्या बाजूला फाकलेले, तर रेषा बरी असू शकते पण ३.९ सारखा एकच ‘साधारण चूक’ आकडा सगळीकडे लावता येणार नाही. मोठमोठ्या धन राशींत हे फार वेळा होतं आणि यचा लॉग घेतल्याने बहुधा निवळतं. नोंदी काळानुसार घेतल्या असतील तर अवशेष त्या क्रमाने मांडूनही पाहा. सलग धन, मग सलग ऋण असे पट्टे दिसले तर नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत.

आडव्या अक्षावर प्रत्यक्ष य घेऊ नका. ही चूक फार होते. अवशेष हा यचाच तुकडा असल्याने तिथे चढती नक्षी दिसणारच, रेषा कितीही योग्य असली तरी.

आलेख टाळून फक्त आकडे पाहिले तर काय होतं, हे फ्रँक अॅन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार लहान आकडेवारी-संच बनवून दाखवलं. प्रत्येकात ११ ठिपके, क्षची सरासरी ९, यची ७.५, रेषा य = ३ + ०.५क्ष, सहसंबंध सुमारे ०.८२. चारही आलेख मात्र निराळे : एक साधा विस्कटलेला, एक स्वच्छ कमान, एकात सरळ रांग आणि एकच ठिपका वर निसटलेला, आणि चौथ्यात दहा ठिपके एकाच क्षवर उभे, चढ ठरवणारा फक्त अकरावा.

आपल्या पाच ठिपक्यांचे अवशेषही आता नीट पाहा : −१, −२, ६, −२, −१. मध्य वर, टोकं खाली. खरोखरची आकडेवारी असती तर आणखी नोंदी मिळवल्याशिवाय सरळ रेषेवर भरवसा ठेवू नका, असंच सांगितलं असतं.

प्रश्न : रेषेवरून ६ तास सराव करणाऱ्याला ६४ गुण येतात. हा अंदाज कितपत खात्रीचा?
— पदव्युत्तर विद्यार्थी

उत्तर : कुणाबद्दल विचारता त्यावर आहे. ६ तास सराव करणाऱ्या सगळ्यांची सरासरी विचारत असाल, तर प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप) ३.९२ गुणिले वर्गमूळ (१/५ + १/२६), म्हणजे १.९१; २६च्या वरचा १ म्हणजे (६ − ५)चा वर्ग. पाच ठिपके, दोन गुणांक, म्हणून ३ मोकळीक. ९५ टक्के खात्रीच्या पट्ट्यासाठी टी-सारणी या संख्याशास्त्रीय तक्त्यातला आकडा ३.१८२. उत्तर : ६४ अधिक-उणे ६.१, म्हणजे साधारण ५८ ते ७०.

एका ठरावीक विद्यार्थ्याबद्दल विचारत असाल तर वर्गमुळाच्या आत आणखी १ मिळवा. त्रुटी ४.३६, पट्टा ६४ अधिक-उणे १३.९, म्हणजे ५० ते ७८. नोंदी वाढवत गेलात तर पहिला पट्टा आक्रसत जाईल. दुसरा एका मर्यादेपलीकडे आक्रसणार नाही, कारण माणसामाणसांतला फरक नोंदी वाढवून नाहीसा होत नाही. रेषा सरासरीबद्दल बोलते. एका माणसाबद्दल तिला बोलायला लावलं की हा असा रुंद पट्टा स्वीकारावा लागतो. आणि (१/२६) च्या जागी ८ तासांसाठी (९/२६) येतो, म्हणजे टोकाकडे दोन्ही पट्टे आणखी रुंद होतात. त्यातही हे आकडे अवशेषांत नक्षी नाही असं धरून काढलेले आहेत.

प्रश्न : हाताने केलेलं उत्तर आणि स्प्रेडशीटचं उत्तर जुळत नाही. कुठे बघू?
— विद्यार्थिनी

उत्तर : चार जागा. बहुतेक स्प्रेडशीटमध्ये ‘स्लोप’ आणि ‘इंटरसेप्ट’ या फंक्शनांना आधी यचा स्तंभ द्यायचा असतो, मग क्षचा. उलटं दिलं तर आपल्या उदाहरणात ४ ऐवजी ०.२२५ येईल, आणि त्रुटीचा कुठलाही संदेश येणार नाही. कॅल्क्युलेटरवर अक्षरं पाहा : काही यंत्रांत पहिलं अक्षर आंतरछेदाचं असतं, काहींत चढाचं. तिसरं, चढ मधेच एका दशांशापर्यंत कापून आंतरछेद काढला असेल तर क्षची सरासरी मोठी असताना चूकही मोठी होते. शेवटपर्यंत सगळे दशांश ठेवा.

चौथी जागा आलेखावरची ट्रेंडलाइन. तिच्या पर्यायांत आंतरछेद शून्यावर बांधून ठेवण्याची खूण असते. ती चुकून लागली तर आपली रेषा य = १०.६२क्ष होते : २ तासवाल्याला २१ गुण, ८ तासवाल्याला ८५, आणि अवशेषांची बेरीज शून्याऐवजी ३४च्या वर. त्या पर्यायात अनेक प्रोग्रॅम आर-स्क्वेअरही वेगळ्या पायावर मोजतात, सरासरीऐवजी शून्यापासून, त्यामुळे तो नेहमीच्या आर-स्क्वेअरशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. खूण काढा आणि पुन्हा ४० + ४क्ष येते का पाहा.